मुचानेता बोलली का?

माणसं मयतीला काय बोलतात, यावर चिपीवाचं एम.ए. चाललं होतं. असल्या गोष्टीवर युनिव्हर्सिटी पदवी देते, हे तिच्या आजीला, म्हणजे एमेरियाला, शेवटपर्यंत पटलं नाही. "मयतीला लोक रडतात, थापा मारतात आणि जेवून घरी जातात," ती म्हणायची. "त्यात लिहिण्यासारखं काय आहे गं? त्यापेक्षा एखादा बरा मुलगा बघ की!" आणि एवढं बोलून झाल्यावर पंचक्रोशीतल्या प्रत्येक मयतीला नातीला हाताला धरून न्यायची, अगदी पुढं बसवायची आणि कोपरानं ढोसायची, "हे ऐकलंस का? हे घे लिहून."

चिपीवाला त्या मयतींत ऐकायचं असायचं ते साहविराचं बोलणं. साहविरा म्हणजे घराण्याचा हक्काचा मित्र. नातं वाडवडिलांपासून चालत आलेलं, आणि त्याला सगळं माफ. बाकीचे रडत असताना हा मेलेल्या माणसाचे कपडे अंगावर चढवतो, त्याच्यासारखा चालतो, त्याच्यासारखा खोकतो, आणि त्याची होती नव्हती ती सगळी बिंगं भर मयतीत फोडतो. घरच्यांना हसू आवरत नाही, आणि हसता हसता छातीत अडकलेलं रडू बाहेर पडतं. हे काम भावाला जमत नाही, लेकीला जमत नाही, आणि पाद्र्याला तर नाहीच नाही.

गवेन्झींच्या, म्हणजे एमेरियाच्या घराची साहविरा होती मुचानेता. काटकुळी, उंच, आणि तोंडाची म्हणाल तर देवा! ओढ्याच्या अलीकडे एमेरियाचं घर, पलीकडे मुचानेताचं. सकाळी पाणी भरायला दोघी दोन काठांवर आल्या की सुरू.

"अजून मेली नाहीस का गं?"

"तुला पुरल्याशिवाय कशी मरू?"

हा त्यांचा रामराम. ज्या दिवशी हे ऐकू यायचं नाही, त्या दिवशी कुणीतरी आजारी आहे असं गावानं समजायचं.

मिशनच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत एमेरियानं लेकीला बजावून ठेवलं होतं, "पास्टर नाही मिळाला तर अडून बसू नका. पण मुचानेताला बोलू द्या. ती बोलली नाही तर मी कबरीत खाली उतरायची नाही, सांगून ठेवते." आणि दोन दिवसांनी गेली.

हरारेहून पहाटेची कॉम्बी व्हॅन धरून चिपीवा आली तेव्हा ऊन नुकतं कुठं वर आलं होतं. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा, बोटं आखडलेली. कॉम्बीतून तिच्याबरोबर चर्चच्या सात-आठ बायकाही उतरल्या होत्या, लाल ब्लाऊज, पांढऱ्या टोप्या. सगळ्याजणी तिच्या मागोमाग स्वयंपाकाच्या गोल झोपडीत शिरल्या. तिथं मधोमध आजीची शवपेटी, भोवती चटयांवर बायका, दबक्या आवाजात गाणं.

चिपीवाला आधी पेटी दिसली आणि मग मुचानेता. नेहमी साहविरा दाराशी बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायला सोयीचं पडतं म्हणून. मुचानेता मात्र पेटीच्या उशाशी बसली होती. भिंतीला टेकून, मान खाली, कुणीतरी टाकून गेलेल्या पोत्यासारखी. चिपीवा दोन वर्षं जे काही शिकली होती ते त्या घडीला कुठं गेलं कोण जाणे. ती सरळ म्हातारीपुढं गुडघ्यावर बसली, रिवाजाप्रमाणे ओंजळीचे हात हळू वाजवले आणि कुठल्याही आजीला म्हणतात तसं म्हणाली, "अंबुया, फार वाईट झालं हो. तुमचं फार मोठं दुःख आहे."

म्हातारीनं मान वर केली. एखाद्यानं विनाकारण थोबाडीत मारावी तसं तिनं चिपीवाकडे पाहिलं. मग नजर खाली घातली.

"झालं खरं, बाळा," ती म्हणाली.

बाळा! मुचानेताच्या तोंडून चिपीवानं आजवर 'माकडतोंडे' ऐकलं होतं, 'हरारेची मडमीण' ऐकलं होतं. बाळा कधी नाही. पण विचार करायला उसंत कुठं होती? मागून लाल ब्लाऊजवाल्या एकेक करून गुडघ्यावर बसल्या, हात वाजवले, "फार वाईट झालं, अंबुया." त्यांच्या मागून शेजारणी. मग सुना. आणि म्हातारी प्रत्येकीला मान हलवून, "झालं खरं, झालं खरं."

आजोबा बाहेर पुरुषांच्या शेकोटीपाशी ओंडक्यावर बसले होते, खांद्यावर करडी घोंगडी. चिपीवानं गुडघ्यावर बसून नमस्कार केला. ती उठायला लागली तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

"मुचानेता बोलली का?"

"अजून नाही, सेकुरू."

त्यांनी मनगट सोडलं आणि परत जाळाकडे पाहत बसले.

"बघितलंस ना?" लव्हनेस आत्या तिला ओढत मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं तीन मोठ्या हंड्यांत मयतीच्या लोकांसाठी मक्याच्या पिठाचा साद्झा शिजत होता. आत्या म्हणजे आजीची थोरली लेक, घरात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. "आई गेल्यापासून हे असंच. पाण्याचा घोट तेवढा घेतात. जेवायला वाढलं की ताट ढकलतात. विचारतात एकच, मुचानेता बोलली का. आणि ती म्हातारी बसलीये तोंड शिवून! पार्सल आल्यासारखी आली, बसली, संपलं. मी तिला म्हटलं, अगं, सुरू कर की बाई. तर म्हणते, मी काय बोलू."

"तिला खूप लागलंय, आत्या. मी आत गेले तर कशी बसली होती! मी तिचं सांत्वन केलं तेव्हा..."

आत्याच्या हातातलं लाकडी उलथनं हंड्यात तसंच उभं राहिलं.

"काय केलंस?"

"सांत्वन."

"साहविराचं?" आत्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अगं माझे आई! साहविराचं सांत्वन केलंस? अगं, ज्याचं सांत्वन झालं तो घरचा झाला! ज्याला आपण 'वाईट झालं' म्हटलं, त्यानं रडायचं असतं. तो चेष्टा कशी करेल? तिच्या तोंडाला कुलूप घातलंस आणि वर मला सांगतेस?"

"पण मग बाकीच्या बायकांनी पण..."

"तुझं बघून केलं गं सगळ्यांनी! या गावात मयतीच्या बोलण्यावर शिकलेली तू एकटी. तू गुडघ्यावर बसलीस, बायकांना वाटलं, युनिव्हर्सिटीत असंच ठरलं असेल नवीन काहीतरी."

चिपीवाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ती तिथंच लाकडांच्या ढिगावर बसली. "मग आता परत जाऊन सांगू का तिला? की माझं चुकलं म्हणून?"

"आता काय सांगणार? बोललेलं परत गिळता येतं का? अजून माफी मागायला गेलीस तर ती अजून रडकी होईल." आत्यानं उलथनं परत हाती घेतलं, पण ढवळण्यात तिचं लक्ष नव्हतं. डोळे भरले होते. "आईनं एवढं एकच मागितलं होतं गं."

दफन दुपारी होतं. चिपीवा गोठ्याच्या कुंपणाला टेकून उभी राहिली आणि रडत बसण्याऐवजी तिनं डोकं चालवायला सुरुवात केली. तिच्या मकोम्बे बाई, म्हणजे तिला शिकवणाऱ्या, एक गोष्ट सारखी सांगायच्या. "वाक्य कोण बोललं एवढंच लिहू नकोस. ते वाक्य त्याला कुणी बोलायला लावलं, ते शोध. माणूस हवेत बोलत नाही, कुणाच्या तरी बोलण्यावर बोलतो." चिपीवाला तेव्हा वाटायचं, बाईंचं आपलं काहीतरीच.

आता तिनं एकेक मयत आठवायला घेतली. गवेन्झींच्याच भाऊबंदांतल्या लोहाराची. त्यांच्यातल्याच एका दुकानदाराची. मुचानेता उठली ती कशावर उठली? लोहाराच्या वेळी त्याचा मेहुणा म्हणाला होता, "दारूच्या थेंबाला शिवला नाही हो कधी," आणि मुचानेता ताडकन उठली होती, "थेंबाला नाही, पिंपाला शिवायचा!" दुकानदाराच्या वेळी कुणीतरी त्याच्या मापाची तारीफ केली होती. प्रत्येक वेळी तेच. साहविरा पहिलं वाक्य कधी बोलतच नाही. आधी कुणीतरी मेलेल्याची भलतीच स्तुती करतो, ऐकवणार नाही अशी, आणि मग तिला गप्प बसवत नाही. लोक ती स्तुती मुद्दाम करतात. चिपीवानं आपल्या कागदांवर या थापांना नुसतं 'स्तुती' म्हणून पुढं सोडून दिलं होतं. खरी मेख तिथंच होती.

आणि आज सकाळपासून आजीबद्दल कुणी एक थाप मारली नव्हती. म्हातारीला डिवचायला नको, बिचारी दुःखात आहे, म्हणून सगळे मोजूनमापून खरं तेवढंच बोलत होते.

कबर घरामागच्या मोठ्या झाडाखाली खणली होती. पेटी काठाशी ठेवली. फानुएल काका, आजीचा थोरला मुलगा, ग्वेरू शहरात शाळा तपासणारा, टाय लावून कोण कधी बोलणार ते ठरवत होता. पास्टर बोलले. एमेरिया देवाला भिणारी होती. शेजारी बोलला. एमेरिया कष्टाळू होती. चर्चच्या बायकांच्या पुढारीण बोलल्या. एमेरियानं मुलं नीट वाढवली. सगळं खरं. इतकं खरं की ऐकता ऐकता डोळा लागावा. मुचानेता सुनांच्या मधोमध मान घालून उभी. आजोबा खुर्चीत, घोंगडी गुंडाळून, नजर तिच्यावर.

"नातवंडांतर्फे चिपीवा," काका म्हणाला, आणि हळूच, "दोन मिनिटं. इंग्रजी नको."

चिपीवा पुढं झाली. सगळ्या गावासमोर, पेटीच्या काठाशी उभं राहून, आजीबद्दल धडधडीत खोटं बोलायचं होतं. तेही आजवर चारचौघांत कधी मोठ्यानं न बोललेल्या पोरीनं.

"माझी आजी," ती म्हणाली, "फार मृदू बोलायची."

कुणीतरी खोकलं. पास्टरांनी मान हलवली, मग हलवता हलवता थांबले.

"तिनं आयुष्यात कुणाला वाकडा शब्द ऐकवला नाही. भांडण म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं." काका तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागला. आत्यानं तोंडावर पदरासारखं कापड ओढून घेतलं. चिपीवानं मुचानेताकडे पाहिलं. म्हातारीची मान खालीच होती, पण जबडा हलत होता, कुणी कडक मक्याचा दाणा चावावा तसा.

"चर्चमध्ये ती गायला लागली की लोक बाहेरून ऐकायला यायचे. आवाज असा गोड, की..." चिपीवाला पुढं सुचेना. "आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तिनं कधी काही मागून आणलं, तर त्याच संध्याकाळी घासून, पुसून, परत. विशेषतः भांडी."

"ए!"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ए पोरी! थांब तिथं!" सुनांना दोन्ही बाजूंना ढकलत मुचानेता पुढं आली. "काय परत? कुणी परत? हेच शिकवतात का गं त्या हरारेत? अगं, माझं पातेलं! माझ्या आईनं दिलेलं पातेलं! पोरीच्या लग्नाचा साद्झा शिजवायला म्हणून नेलं हिनं, ती पोरगी आता आजी झाली आणि माझं पातेलं अजून हिच्या चुलीवर!"

पुरुषांमधला एक म्हातारा फुर्रकन हसला. चिपीवाला ठाऊक होतं, इथं गप्प बसून चालायचं नाही.

"नाही हो, अंबुया, आजी असं करणार नाही. ती किती शांत बाई..."

"शांत!" मुचानेता कंबरेवर हात ठेवून गर्रकन लोकांकडे वळली. "ऐका! शांत! अहो, हिचं तोंड सुटलं की कुत्री वाट बदलायची! आणि गाणं? ही गायला लागली की पास्टर घाईघाईनं आमेन म्हणायचे. बरोबर की नाही, पास्टर? देवाच्या दारात खोटं बोलू नका!"

पास्टर बिचारे टोपीआड हसत होते. आता गर्दीत हशा पसरत चालला होता, ते हसणं कुणाला आवरेना. "लव्हनेस! रडतेस काय, झगा आण तिचा! पातेलंही आण! त्याशिवाय ही बाई खाली उतरत नाही, मी बसलेच इथं!" आणि खरंच म्हातारी कबरीच्या काठावर मातीत फतकल मारून बसली.

आत्यानं झगा कधीचा काखेत धरला होता. निळा, पुढं बटणांचा. मुचानेतानं तो आपल्या कपड्यांवरूनच चढवला, डोक्याला एमेरियाचं फडकं बांधलं, एका कानावर आलेलं, आणि उठून चार पावलं चालली.

ती आजीच होती. दम लागला की लागला म्हणायची नाही, थांबून डोंगराकडे बघायची, जसं काही पीक कसं आहे ते बघतेय. तसंच थांबली. तस्संच कंबरेला हात लावून बघितलं. बायकांच्यातून एकदम हसणं आणि रडणं दोन्ही बाहेर पडलं.

"फानुएल," ती आजीच्या आवाजात म्हणाली, "तो गळ्यातला दोर सोड. मला पुरायला आलायस की मला तपासायला?" काकानं खरोखर टाय सैल केला, आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. "आणि तू गं माकडतोंडे, एवढं सुरेख खोटं कुणाकडून शिकलीस? माझ्याकडून तर नाही. मी कधी खोटं बोलले नाही. हसता काय, मेल्यांनो?"

असं करत, प्रत्येकाचं काहीतरी काढत, ती गर्दीतून फिरली. आणि मग आजोबांच्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"अहो," मुचानेता म्हणाली. एवढंच. आजी त्यांना अशीच हाक मारायची, हलक्या आवाजात, पुढं काहीतरी काम सांगायचं असल्यासारखी. "अहो, ऐकताय का? निघाले मी."

आजोबांनी वर पाहिलं. घोंगडी खांद्यावरून घसरली ती त्यांनी सावरली नाही. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले, त्यांनी तिच्या कानावर आलेलं फडकं नीट मागं सारलं, आणि रोज शेतावर जाताना म्हणत तसं म्हणाले,

"तू हो पुढं. मी आलोच मागनं."

मुचानेताची हनुवटी थरथरली. त्या क्षणी ती ना एमेरिया होती ना मुचानेता, नुसती एक म्हातारी बाई, कुणाचा तरी झगा घातलेली. चिपीवाला वाटलं, संपलं, आता हिच्याच्यानं होत नाही.

मग म्हातारीनं नाक ओढलं आणि कंबरेवर हात ठेवला.

"आलोच म्हणजे? कुणी बोलावलंय तुम्हाला?" आवाज एमेरियाचा, अगदी तिखट. "जन्मभर मागं मागं आलात, आता तिकडं तरी घटकाभर निवांत बसू द्या की! शेंगा काढायच्या राहिल्यात, त्या कोण काढणार? नातीला नवरा कोण बघणार? काही घाई नाही. आधी जेवा. पोटभर जेवा, सगळं आवरा आणि मग सावकाश या. मी कुठं जातेय?"

आजोबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि त्या आवाजातून पुढं जे रडू आलं ते गावानं त्या माणसाचं कधी ऐकलं नव्हतं. फानुएल काकानं त्यांना धरलं. पोरांनी दोर सोडले आणि एमेरिया खाली उतरली. तक्रार केली नाही.

अंगणात परत आल्यावर आत्यानं ताट आणलं, साद्झा, कोबी आणि कोंबडीचा तुकडा. आजोबांनी हात धुतले. समोर चटईवर मुचानेता तोच निळा झगा घालून बसली होती, परत मिळालेलं पातेलं मांडीवर घट्ट धरून, आणि त्यांच्या हाताकडे बघत होती. त्यांनी एक घास घेतला. चावला. गिळला. मग दुसरा घेतला.

तेव्हा कुठं ती पातेल्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली, आणि चिपीवा काही न बोलता तिला खेटून बसली.